फिल्टरचा ठोका

१

आधीच सांगून टाकतो, मी माशांचा माणूस नाही. म्हणजे खाण्याचा आहे, पाळण्याचा नाही. आमच्या घराण्यात मासा बघून कोणी "किती गोड" म्हटल्याचं मला आठवत नाही. पण गेल्या गणपतीनंतर बाबांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि नजर कुठेतरी छताच्या कोपऱ्यात जाऊन बसली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, त्यांच्या पलंगासमोर काहीतरी हलतं ठेवा, डोळे फिरते राहतील. टीव्हीकडे बाबा बघेनात. मग मी सरळ फिशटँक घेऊन आलो.

आणि एकदा आणला म्हटल्यावर मी त्यात पुरता बुडालो. माझं पनवेलला टाइल्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांना करडा आणि राखाडी यांतला फरक समजावून मी कंटाळलेला असतो. आता दुपारी दुकान बंद करून जेवायला आलो की आधी टँकमध्ये हात, मग ताटात. मनिषा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "अहो, निदान हात तरी बदला."

पहिला घोळ झाला तो मिठाचा. दोन गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आले. टँक ज्याच्याकडून घेतला त्या प्रणितला फोन केला. तो म्हणाला, "दादा, घाबरू नका, माशांचं वेगळं मीठ मिळतं, ते घेऊन जा. पाण्यात विरघळवून टाका." मला हसूच आलं. मिठागरवाल्याच्या घरात मीठ बाहेरून आणायचं? बाबांच्या उमेदीची सगळी वर्षं खाडीकाठच्या मिठागरात गेली. त्या मिठागरावर पुढे भराव पडला, वर इमारती आल्या, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो. पण शेवटच्या हंगामातलं मीठ बाबांनी काचेच्या बरणीत भरून देवघराखाली ठेवलं होतं. ते कधी स्वयंपाकात घालू दिलं नाही. दृष्ट काढायलासुद्धा नाही. का, ते कधी विचारलं नाही, आणि आता विचारून उपयोग नव्हता. मी बरणी उघडली आणि दोन मुठी खडे टँकमध्ये सोडले.

ठिपके गेले. दुसऱ्या दिवसापासून फिल्टर आवाज करायला लागला.

२

फिल्टरच्या आवाजाला कारणं ठरलेली असतात. पाणी कमी झालं की तो हवा ओढतो. आतला पंखा, ज्याला इम्पेलर म्हणतात, त्यात कचरा अडकला की तो खडखडतो. काचेला टेकला की काच घुमते. मी हात धुऊन त्या आवाजाच्या मागे लागलो. पाणी काठापर्यंत भरलं. फिल्टर तिरका करून हवा काढली. जुन्या स्लीपरचं रबर कापून काच आणि फिल्टरमध्ये बसवलं, आणि या कामगिरीबद्दल मनिषाकडून शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

"येतोय अजून," ती म्हणाली.

येतच होता. मोटरीचा आवाज सलग असतो, हा तुटक होता. थप्प, थप्प, थप्प, मग एक ठोका गाळलेला, मग पुन्हा थप्प, थप्प. ओल्या जमिनीवर पाय आपटल्यासारखा. पाय उचलताना चिखल सोडतो ना, तसा बारीक "चप्" पण मागोमाग येत होता. प्रणितला विचारलं तर म्हणाला, मीठ न विरघळवता टाकलंत ना, खडा अडकला असेल. मला ते पटलं. पंखा मिनिटाला हजारदा फिरतो, मग खडा असा दमादमाने कसा वाजेल, हा प्रश्न मला पडला होता. पण प्रश्न पडला म्हणून लगेच उत्तर शोधत बसायची माझी सवय नाही.

त्या दुपारी मी कोपरापर्यंत हात बुडवून फिल्टर काढत होतो. मागे बाबा पलंगावर होते. बाल्कनीतून डंपरच्या हॉर्नचे आवाज येत होते, त्याखाली ते थप्प थप्प चालू होतं. आणि गाळलेला ठोका मला ऐकू आला.

म्हणजे जिथे काही वाजायला नको होतं तिथे वाजलं. मऊ. गादीवर.

मी वळून बघितलं. बाबांच्या पायावरची चादर हलत होती. थप्प, थप्प, थप्प, आणि त्यानंतरच्या रिकाम्या जागेत बाबांचा पाय उचलत होता आणि पडत होता. बरोबर वेळेवर. उजवा पाय. ज्या पायात मॅडम टाचणी टोचायच्या आणि मान हलवायच्या, तो पाय.

मी ओरडलोच. मनिषा पोळी तव्यावर टाकून धावत आली. आम्ही दोघं पलंगाशी उभे राहून रडत होतो आणि हसत होतो, आणि स्वयंपाकघरातून पोळी जळाल्याचा वास येत होता.

३

पुढचे काही दिवस मी जमिनीवर नव्हतो. फिल्टर दुरुस्त करायचं नाव काढलं नाही. उलट फिल्टर बाबांच्या बाजूला सरकवला. बाबांची नजर छतावरून उतरली आणि टँकवर आली. मग उजवा गुडघा वाकायला लागला. मग एका सकाळी मी चहा पाजत असताना ते स्पष्ट म्हणाले, "पानी." इतके महिने ज्या तोंडातून घरघरीशिवाय काही आलं नव्हतं त्या तोंडातून. मी पेलाभर पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. टँककडे बघत राहिले.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ही बातमी दिली. बाथरूमच्या टाइल्स बघायला आलेल्या लोकांनाही दिली. मॅडमना दाखवायला म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात बाबांचा पाय नीट दिसतो, वर जातो, खाली येतो. पण थप्प थप्प नाही. नुसती मोटरीची घरघर. मोबाइलचे माइक हल्ली नको ते आवाज आपोआप गाळतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते वाचल्याचं मला बरं वाटलं. मॅडम मात्र व्हिडिओ बघून म्हणाल्या, "लय फारच पक्की आहे. सुरुवातीला इतकी नसते." मी ते कौतुक समजलो.

संध्याकाळी बाबांचं अंग पुसायचं काम मनिषाचं. सून असूनही लेकीसारखं करते, आणि ते मी तोंडावर कधी म्हणत नाही, कारण मग ती म्हणेल, तुम्ही करा. त्या दिवशी तिने हाक मारली.

"अहो, बाबांच्या टाचेला हे काय झालंय?"

उजव्या टाचेवर पांढरा पापुद्रा होता. बोटांच्या बेचक्यांत काळपट काहीतरी सुकून बसलं होतं. मी म्हटलं, पडून पडून कातडी मरते. ती म्हणाली, कातडी मरते, पण चिखल कुठून येतो? गेल्या गणपतीपासून या पायाने जमीन बघितलेली नाही.

मी पापुद्र्याला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. मिठागरवाल्याचं पोर, दुसरं काय करणार.

"घाम असेल," मी म्हटलं.

मनिषाने माझ्याकडे बघितलं आणि पाणी बदलायला निघून गेली. मी मात्र टाच पुन्हा पुन्हा बघत होतो. चालणाऱ्या माणसाची टाच अशी असते. माझ्या आनंदाला त्यावर एवढंच सुचलं.

४

हौसा आत्या रविवारी आली. ही बाबांची धाकटी बहीण, शिरढोणला दिलेली. हातात वालाच्या शेंगांची पिशवी, तोंडात पान, आणि दारातूनच सुरुवात, "निक्या, किती सुटलास रे, टाइल्स खातोस काय?" बाबांना पाय हलवताना बघायलाच मी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

ती हसत हसत बाबांच्या खोलीत गेली. बाबांच्या कपाळावरून हात फिरवला. "दादा, बरा हायस नाय?" म्हणाली. मग बोलायची थांबली. बडबड्या माणसाचं थांबणं लगेच कळतं.

फिल्टर वाजत होता. बाबांचा पाय त्यात मिसळला होता, त्यामुळे आता कुठलाच ठोका गाळलेला नव्हता. सगळं भरून निघालं होतं. मी अभिमानाने उभा होतो.

"ह्यो आवाज कसला?" आत्याने विचारलं.

"फिल्टरचा. माशांचं पाणी साफ करतो."

"खोटं नको बोलूस. ही तुडवनी हाय."

मला ठाऊक होतं ती कशाबद्दल बोलतेय. मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कोंडीचा, म्हणजे मीठ पिकवायच्या खाचराचा, तळ तुडवावा लागायचा. माणसं हातात हात धरून ओळीने उभी राहायची आणि एका ठोक्यात पाय आपटत चिखल घट्ट करायची. मी लहानपणी लांबून बघितलं होतं. पण हा टाकीतला फिल्टर होता, चीनमध्ये बनलेला, आणि हे मी आत्याला सांगितलंसुद्धा.

"बंद कर तो."

"अगं, त्याच्यामुळेच तर बाबा—"

"बंद कर म्हटलं ना. आमी हात धरून वलीत उभे ऱ्हायलो का सोडीत नसू. पाय कापला तरी नाय, कोनी मेला तरी नाय. सांज झाल्याबिगर नाय." ती पदर आवळून उठली. "दादानं सोडला व्हता एकदा. त्याला इचार."

बाबांना काय विचारणार? मी त्यांच्याकडे बघितलं. ते आत्याकडे बघत नव्हते. त्यांचा डावा डोळा पाण्याने भरला होता आणि उजवा पाय चालू होता.

आत्याने चहा घेतला नाही. जिन्यात चप्पल घालताना मनिषाला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, ते मनिषाने मला सांगितलं नाही.

५

दोन दिवसांनी दुपारी घरी आलो तर घर शांत. इतकं शांत की आधी वाटलं वीज गेली. टँकमधलं पाणी काचेसारखं, मासे मजेत, फिल्टर चालू आणि आवाज नाही. प्रणित येऊन गेला होता. मनिषाने बोलावलं होतं. सगळं पाणी बदललं, फिल्टर उघडून धुतला, इम्पेलर नवा घातला.

"त्यात खडा होता का?" मी विचारलं.

"नव्हता," मनिषा म्हणाली. "काहीच नव्हतं. तो म्हणाला फिल्टर पहिल्यापासून चांगला होता."

मी बाबांकडे धावलो. ते छताच्या कोपऱ्यात बघत होते. हाक मारली, हात चोळला, उजवा पाय हातात घेऊन हलवला. मेलेल्या वजनाचा पाय. ओठांच्या कडेने लाळ आली होती. सगळं पहिल्यासारखं. नाही, पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता मला मधलं माहीत होतं.

आमचं भांडण झालं. मी बरंच बोललो. तुला ते नकोच आहेत, असंही बोललो, जे खोटं होतं आणि बोलताना मला खोटं आहे हे कळत होतं. मनिषा रडली नाही. शांतपणे म्हणाली, "मला बाबा बरे झालेले हवेत. पण ते बरे होत नव्हते हो. कोणीतरी त्यांना हलवत होतं."

"हलवत होतं म्हणजे? कोण?"

"ते मला बघायचं नाही. म्हणून तर धुवून घेतलं."

ती भाजी आणायला उतरली. मी देवघराशी बसलो. मी शहाणा माणूस आहे, धंदा करतो, मिठात काय असतं आणि काय नसतं ते मला समजतं. खाऱ्या पाण्याने पंख्याची गती बदलत असेल, त्याचा एक ठराविक सूर निघत असेल, त्या सुराने बाबांच्या मेंदूतली एखादी जुनी वाट मोकळी होत असेल. ऐकायला किती छान वाटतं. मॅडमनाही पटलं असतं. मी बरणी काढली आणि या वेळी मुठी न मोजता सगळीच ओतली.

मासे एका कोपऱ्यात गोळा झाले आणि काचेला तोंडं लावून राहिले.

मी पलंगाच्या कडेला बसून वाट बघितली. बराच वेळ घरघर. मग खोलवरून, टँकच्या तळापेक्षा खोलवरून, पहिला थप्प आला. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, तो भीतीचा नव्हता. मी बाबांचा हात धरला होता. बाबांनी तो दाबला.

६

शनिवारी चिरनेरला मनिषाच्या मामेभावाची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, न जाऊन चालत नाही. मनिषा सकाळीच गेली. जाताना म्हणाली, "संध्याकाळी मी येईन तेव्हा ते बंद पाहिजे." मी हो म्हटलं.

दुपारी जेवण गरम करत होतो. आतून आवाज आला, "निक्या."

हातातला डाव तसाच खाली पडला. माझं नाव. मी दारात पोहोचलो आणि तिथेच थांबलो.

बाबा उभे होते. टँकसमोर, अनवाणी, लुंगी गुडघ्यावर खोचलेली, पाय फाकलेले. पांढऱ्या टाइल्सवर, माझ्याच दुकानातल्या टाइल्सवर, ते पाय उचलून आपटत होते आणि प्रत्येक ठोक्याला फरशीवर पाणी उडत होतं. चेहरा सरळ झाला होता. उजव्या बाजूला ओघळलेला ओठ जागेवर आला होता. ते हसत होते.

"बघत काय उभा? ये ना," ते म्हणाले. "हात धर."

कोण नाही म्हणेल? तुम्ही म्हटलं असतं? मी जाऊन त्यांचा डावा हात धरला. गरम, खरखरीत, लहानपणी मला खाडीच्या बांधावरून उचलून नेणारा हात. आम्ही दोघं पाय आपटायला लागलो. मी ढेरी सांभाळत, ठोके चुकवत. बाबा मला हसले. "टाच आधी टाक, बोटं मागून. कोन शिकवला रे तुला?" सबंध वाक्यं. एकामागून एक. मी हसत होतो, रडत होतो. मनिषाला फोन लावायचा, आत्याला लावायचा, सगळ्या पनवेलला ओरडून सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

मग मी बाबांच्या पलीकडे बघितलं.

त्यांचा उजवा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला ताणलेला होता. जो हात महिनोन्महिने उशीवर ठेवावा लागायचा, तो. मूठ वळलेली नव्हती. बोटं कशाच्या तरी भोवती होती, आणि बोटांच्या पेरांवर पांढरे दाब पडले होते. घट्ट धरलेल्या हातावर पडतात तसे. माझ्या पकडीने त्यांच्या डाव्या हातावर पडले होते, अगदी तसे.

पलीकडे कोणी नव्हतं. पलंग होता, औषधांचं टेबल होतं.

टँकच्या काचेत बाल्कनीचा उजेड पडला होता. त्यात आम्ही दिसत होतो. मी, बाबा, आणि बाबांच्या पलीकडे पाय. गुडघ्यापर्यंत चिखलाचे, उचलणारे, पडणारे. त्याच्यापुढे आणखी, त्याच्यापुढे आणखी. आमच्या खोलीची भिंत जिथे संपते तिथे ते संपत नव्हते. गुडघ्यांच्या वर मी बघितलं नाही. बघायची वेळ आली तेव्हा मोकळ्या हाताने मी भिंतीवरचं फिल्टरचं बटण दाबलं होतं.

आवाज थांबला.

बाबांचा हात माझ्या हातातून निसटला. ते एकदम खाली येत गेले, मी कसंबसं कमरेला धरून त्यांना फरशीवर बसवलं. मान कलली. ओठ ओघळला. उजवा हात मांडीवर पडला, पेरांवरचे पांढरे दाब हळूहळू लाल होत गेले. फरशी ओली होती. टँक काठोकाठ भरलेला होता, त्यातलं पाणी सांडलेलं नव्हतं.

मी बाबांना टेकवून शेजारी बसलो. चांगलं केलं, असं स्वतःला सांगितलं. मनिषा येईल, तिला सगळं सांगू, टँक उद्याच देऊन टाकू. बाबांच्या घशातून घरघर आली. मी त्यांच्याकडे बघितलं. नजर छताकडे गेलेली नव्हती. ती माझ्यावर होती, आणि मग बटणावर गेली, आणि परत माझ्यावर आली. ते काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होते. ओठ नुसते ओले हलत होते. डाव्या हाताने त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली आणि ओढली, लहान पोर बापाला ओढतं तसं. आताच तर या तोंडाने माझं नाव घेतलं होतं. मला शिकवत होते, टाच आधी टाक. बाबांचा आवाज कसा होता, तो मी विसरत चाललो होतो, आणि तो मला पुन्हा ऐकायला मिळाला होता.

ते बरे होत नव्हते, हे मला कळलं होतं. मनिषा बरोबर होती, आत्या बरोबर होती. सगळं कळून मी उठलो आणि बटण दाबलं.

थप्प लगेच आला. जवळून आला, अगदी खोलीतून. बाबा माझा हात न धरता उभे राहिले, त्यांना कोणीतरी दुसऱ्या बाजूने वर घेतल्यासारखे. चेहरा पुन्हा सरळ झाला. त्यांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं. इतक्या प्रेमाने त्यांनी धडधाकट असतानाही माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि पाय उचलला. या वेळी माझा ठोका चुकला नाही.

थोड्या वेळाने बाबा माझ्या कानाशी वाकले.

"निक्या," ते म्हणाले, "सरक जरा. मधी जागा दे."

मी सरकलो. बाबांनी माझा हात सोडला. तो रिकामा राहिला नाही.